लुई कान बघायला अर्धा दिवस घालवावा का? (साल्क इन्स्टिट्यूट, ला होया)

गोंधळलेला_प्रवासी:

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामाने सॅन दिएगोला जातोय, मधे एक दुपार मोकळी मिळणारे. माझा मेव्हणा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्यासमोर नुसतं सॅन दिएगोचं नाव काढलं तर म्हणे दाजी, बाकी काही करा नाहीतर करू नका, पण ला होयाला जाऊन साल्क इन्स्टिट्यूट बघितल्याशिवाय परत यायचं नाही, लुई कानचं काम आहे ते.

मी फोटो बघितले. खरं सांगू का? दोन्ही बाजूंना राखाडी काँक्रीटच्या इमारती, मधे भलंमोठं रिकामं आंगण, औषधाला झाड नाही, मधून पाण्याची एक बारीक पट्टी गेलेली. पैसे संपले म्हणून बिल्डरने गिलावा न करता सोडून दिलेल्या साइटसारखं वाटलं मला तरी. मेव्हण्याला म्हटलं यात काय आहे एवढं, तर तो लाइट, सायलेन्स असलं काहीतरी बोलायला लागला आणि मी फोन बायकोकडे दिला.

तर प्रश्न असा की हा कान नक्की कोण, त्याला एवढं डोक्यावर का घेतात, आणि आर्किटेक्चरमधलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला तिथे जाऊन काही मिळेल का? की सरळ समुद्रावर जाऊन बसू?

चौथा_मजला:

जा. समुद्र तिथूनही दिसतो, त्यामुळे तुमचं नुकसान काहीच नाही 😄

मी आर्किटेक्चर शिकवते, त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती धरा. पण मेव्हण्याचं लाइट-सायलेन्स बाजूला ठेवून सांगते. जोनास साल्क म्हणजे पोलिओची लस काढणारा, १९५५ मध्ये ती लस आली आणि माणूस घराघरात पोचला. त्याला स्वतःची संशोधन संस्था काढायची होती, सॅन दिएगो शहराने समुद्राच्या कड्यावरची जागा दिली. १९५९ मध्ये तो कानला भेटला आणि त्याची मागणी काय होती, तर पिकासोला बोलवता येईल अशी जागा पाहिजे. लॅब एवढ्या स्क्वेअर फुटाची हवी वगैरे नंतर. असं क्लायंट मिळणं हे आर्किटेक्टचं नशीब, आणि गंमत म्हणजे हा क्लायंट नुसता कौतुक करणारा नव्हता. आधी चार इमारती आणि दोन आंगणं असा प्लॅन पक्का होत आला होता, साल्कने ऐनवेळी थांबवलं आणि एकच मोठं आंगण करायला लावलं. म्हणजे तुम्हाला जे रिकामं वाटतंय ते अर्धं साल्कचं श्रेय.

झाडांबद्दल. कानच्या डोक्यात तिथे बाग होती, झाडं होती. मग त्याने मेक्सिकोच्या लुईस बारागानला बोलावलं, बागांसाठीच नावाजलेला माणूस. तो आला, काँक्रीटच्या भिंतींवर हात फिरवला आणि म्हणाला इथे एकही झाड, एकही पान लावू नका, हे आभाळाकडे तोंड केलेलं दर्शनी अंग होईल. बागवाल्यालाच बाग नको वाटली, आणि कानने आपला प्लॅन गुंडाळून त्याचं ऐकलं. मला हे फार मोठं वाटतं, कारण आमच्या धंद्यात दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं ड्रॉइंग फाडणारे कमी.

आता तुम्ही तिथे उभे राहाल तेव्हा एवढंच बघा. आंगणात दोन्ही बाजूंना जे मनोरे दिसतात त्यात शास्त्रज्ञांच्या अभ्यासाच्या खोल्या आहेत, त्यांच्या भिंती समुद्राकडे तिरक्या वळवल्यात, म्हणजे प्रत्येकाला खिडकीतून पॅसिफिक दिसतो. या खोल्यांना सागवानी लाकूड आहे. मागे लॅब, तिथे काँक्रीट आणि स्टील. लॅबमधून पुलासारख्या छोट्या वाटेने बाहेर येऊन आपल्या खोलीत जायचं. काम करायची जागा वेगळी आणि विचार करायची जागा वेगळी, दोघांच्या मधे थोडं मोकळ्यावर चालायला लागतं. बस एवढंच. पण हे ज्याने ऑफिसात क्युबिकलमधे आयुष्य काढलंय त्याला आर्किटेक्चर न शिकता कळतं.

गिलाव्याचं म्हणाल तर त्या भिंतींवर गोल भोकं दिसतील रांगेत, शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा आवळून धरणाऱ्या बोल्टची. साधारणपणे ती बुजवून लपवतात. इथे ती कुठे येतील ते आधी ड्रॉइंगवर ठरवलं, आणि ती शिशाने भरून तशीच दिसतील अशी ठेवली. प्लायवूडच्या दोन फळ्यांमधला सांधाही मुद्दाम बारीक कड काढून उठवलाय. काँक्रीट ओतल्यावर घासायचं नाही, रंगवायचं नाही, डागडुजी नाही. म्हणजे एकदा चुकलं की चुकलं. गिलावा करणं याच्यापेक्षा कितीतरी सोपं आणि स्वस्त.

बीम_कॉलम:

वरच्या ताईंनी सगळं वरवरचं दिसणारं सांगितलं (राग नको 🙏), खरी मजा आतल्या मजल्यांमधे आहे जी टूरवाले पटकन सांगून पुढे जातात. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे म्हणून मला जरा सविस्तर बोलू द्या.

साल्कमधली प्रत्येक इमारत सहा मजल्यांची आहे पण लॅबचे मजले तीनच, उरलेले तीन मजले फक्त पाईप, डक्ट, वायरी यांच्यासाठी, आणि हे मजले चांगले माणूस उभा राहून चालेल एवढ्या उंचीचे आहेत. लॅब चालू असताना डोक्यावर प्लंबर काम करत असतो आणि खाली शास्त्रज्ञाला पत्ता नाही. हे करायला त्या सर्व्हिसच्या मजल्याच्या पूर्ण उंचीचे, म्हणजे साधारण ९ फुटी व्हिरेंडील ट्रस (भार पेलणारे सांगाडे) टाकलेत. व्हिरेंडील म्हणजे ज्यात तिरके मेंबर नसतात, नुसत्या चौकटी, त्यामुळे मधून डक्ट आरपार नेता येतात. ट्रसनी पूर्ण रुंदी पेलली म्हणून खाली लॅबमधे ६५ फूट रुंद आणि २४५ फूट लांब जागा, मधे एक कॉलम नाही. साठ वर्षांत जीवशास्त्र किती बदललं, मशिनं बदलली, सगळं बदललं, पण लॅबची भिंत कुठे टाकायची ते रोज नव्याने ठरवता येतं. १९६५ मधे बांधून झालेली लॅब आजही लॅब म्हणूनच चालते, हेच मला सगळ्यात जास्त भावतं, आंगण वगैरे ठीक आहे.

आणि हे एकदम सुचलेलं नाही. याच्या आधी कानने फिलाडेल्फियात पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीसाठी रिचर्ड्स लॅब बांधली होती. तिथे त्याने पहिल्यांदा तो प्रसिद्ध भेद ठळक केला, ज्या जागेत माणूस काम करतो ती एक आणि तिला सेवा पुरवणाऱ्या जागा म्हणजे जिने, डक्ट, लिफ्ट वगैरे वेगळ्या. डक्टचे विटांचे उंच मनोरे बाहेरून उभे केले, जगभर फोटो छापून आले, म्युझियममधे प्रदर्शन झालं, आणि आत शास्त्रज्ञ वैतागलेले, कारण खिडक्यांतून ऊन डोळ्यावर यायचं, जागा अडनिड्या. लोकांनी काचांना चांदीचा कागद चिकटवला. साल्कचे सर्व्हिसचे मजले हे त्या तक्रारींचं उत्तर आहे असं माझं मत.

दोन्हीकडे त्याच्याबरोबर इंजिनिअर होता ऑगस्ट कोमेंडंट. योगायोग असा की कानचा जन्मही एस्टोनियातला आणि कोमेंडंटचाही. दोघं कडाकडा भांडायचे. इंजिनिअरचं नाव कुणी घेत नाही म्हणून मी घेतो.

सडेतोड:

काचांना चांदीचा कागद ही गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून सांगितली इथे, नाहीतर कानचं नाव निघालं की आरती सुरू होते.

मूळ प्रश्न "डोक्यावर का घेतात" असा आहे म्हणून दुसरी बाजू लिहितो. हा माणूस कधी वेळेत काम पूर्ण करायचा नाही. ड्रॉइंग हातात असताना पुन्हा बदलायचा. ऑफिस कायम तोट्यात, मेला तेव्हा डोक्यावर पाच लाख डॉलरच्या आसपास कर्ज, १९७४ मधले पाच लाख डॉलर. तीन बायकांपासून तीन मुलं, लग्न एकीशीच, आणि तिन्ही घरं त्याच फिलाडेल्फियात काही मैलांच्या अंतरात. मरण तर असं की अहमदाबादहून परत येताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हार्ट अटॅक आला, पासपोर्टवरचा घरचा पत्ता खोडलेला, त्यामुळे दोन दिवस घरी कुणाला पत्ता नाही. अमेरिकेतला सर्वात मोठा जिवंत आर्किटेक्ट म्हणतात तो माणूस आणि शवागारात ओळख पटवायला कुणी नाही.

याला रोमँटिक रंग देणारे खूप आहेत. मला यात बेजबाबदारपणा दिसतो, विशेषतः अ‍ॅन टिंगच्या बाबतीत, त्याच्याच ऑफिसातली आर्किटेक्ट आणि त्या तीन बायकांपैकी एक. हार्वर्डमधून आर्किटेक्चर शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या काही बायकांपैकी ती एक. भूमितीत कानपेक्षा कितीतरी पुढे. येलच्या आर्ट गॅलरीचं ते त्रिकोणी खाचांचं काँक्रीटचं छत, ज्याने कान पहिल्यांदा गाजला, त्याच्यामागे डोकं कुणाचं हे आज सगळे मान्य करतात, पण तेव्हा नाव कुणाचं झालं? ती गरोदर राहिली तेव्हा लोकांच्या तोंडाला घाबरून तिलाच रोमला जावं लागलं, हा इकडे आरामात प्रॅक्टिस करत होता.

चौथा_मजला:

@सडेतोड टिंगबद्दल शंभर टक्के मान्य, वर्गात मी ट्रेन्टनचं बाथ हाऊस शिकवताना दोघांचं नाव फळ्यावर लिहिते. न्यू जर्सीतलं १९५५ चं एवढंसं काम, स्विमिंग पूलचे कपडे बदलायचे चार चौकोन आणि त्यावर पिरॅमिडसारखी लाकडी छपरं, पण कान स्वतः सांगायचा की मी मला तिथे सापडलो. आणि तो सापडला तेव्हा टिंग टेबलापलीकडे बसलेली होती.

"आरामात" मात्र नाही पटलं. तो माणूस आरामात कधीच नव्हता. लहानपणी, तीन वर्षांचा असताना, शेगडीतले निखारे किती छान चमकतात म्हणून उचलायला गेला आणि तोंड भाजलं, ते व्रण जन्मभर राहिले. १९०६ मधे आईबरोबर एस्टोनियातून फिलाडेल्फियाला आला, बाप आधी जाऊन राहिला होता. घरात इतकी गरिबी की मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून शिक्षणाला पैसे जोडले. पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत पॉल क्रे नावाच्या फ्रेंच मास्तरच्या हाताखाली जुन्या पठडीतलं शिक्षण, १९२४ ला पदवी, आणि थोड्याच वर्षांत मंदी. कामच नाही. बायको एस्थर नोकरी करायची त्यावर घर चालायचं. मग कामगारांच्या वसाहती वगैरे.

म्हणजे पन्नाशी येईपर्यंत हा माणूस फिलाडेल्फियाबाहेर फारसा कुणाला माहीत नव्हता हो. १९५०-५१ मधे रोमच्या अमेरिकन अकॅडमीत काही महिने राहायला मिळालं, तिथून ग्रीस आणि इजिप्त फिरला, आणि त्याने ते जुने भग्न अवशेष बघितले. त्या काळात अमेरिकेत सगळीकडे काचेचे डबे उभे राहत होते, हलके, पातळ. कान परत आला तो जाड भिंती, वजन आणि सावली घेऊन. साल्क, एक्झेटरची लायब्ररी, किंबेल म्युझियम, अहमदाबाद, ढाका, सगळं त्यानंतरच्या वीसबावीस वर्षांतलं. जेमतेम दोन दशकं. १९७१ मधे त्याला अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेचं गोल्ड मेडल मिळालं, आणि तीन वर्षांनी गेलाच.

गोंधळलेला_प्रवासी:

अरे वा, एवढं येईल वाटलं नव्हतं. चांदीचा कागद आवडला. एक शंका, अहमदाबादचं आयआयएम, ते लाल विटांचं, ते यानेच केलंय का? आमच्या ऑफिसातला एक जण तिथला आहे, तो सारखा डॉर्मच्या कमानींचे फोटो टाकत असतो.

विटेवरचा:

हो तेच. आणि यात दोन माणसं आपली आहेत. आयआयएमचं काम आधी बाळकृष्ण दोशींकडे आलेलं, दोशी जन्माने पुण्याचे, मुंबईच्या जेजेत शिकलेले, पुढे २०१८ मधे प्रित्झकर म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा पुरस्कार मिळालेले. त्यांनी सांगितलं हे काम कानला द्या, मी इथून सांभाळतो. १९६२ ची गोष्ट. दुसरे अनंत राजे, तेही जेजेचे, फिलाडेल्फियाला कानच्या ऑफिसात होते, मग अहमदाबादला येऊन साइट बघितली आणि कान गेल्यावर कॅम्पसचं उरलेलं बरंच काम त्यांनी केलं.

तुमच्या मित्राच्या फोटोतली कमान नीट बघा. कमान रुंद आणि बसकी आहे, आणि खाली दोन टोकांना जोडणारी काँक्रीटची आडवी पट्टी आहे. कमान जितकी बसकी तितकी ती टोकांना बाहेर ढकलते. जुन्या काळी तो रेटा घ्यायला बाजूला जाडजूड भिंत घालायचे, इथे काँक्रीटची पट्टी दोन्ही टोकांना आत ओढून धरते. दाबायचं काम विटेचं, ताणायचं काम काँक्रीटमधल्या सळईचं. विटेला विचारा तुला काय व्हायचंय, वीट म्हणते मला कमान व्हायचंय, हे कानचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि लोक त्याची थट्टा पण करतात, पण त्याच्यापुढे तो काय म्हणायचा ते कुणी सांगत नाही. तो विटेला सांगतो की बाई, कमान महाग पडते, त्यापेक्षा मी वरून काँक्रीटची लिंटेल टाकतो. म्हणजे पैशाचा हिशोब त्याच गोष्टीत आहे. वीट तरी ऐकत नाही तो भाग वेगळा.

बीम_कॉलम:

विटेचं ठीक आहे पण त्या डॉर्मची अवस्था पण सांगा की. २००१ च्या भूकंपात तडे गेले, विटांमधे पाणी मुरतं, सळया गंजून काँक्रीट फुटलंय. २०२० च्या डिसेंबरात संस्थेने १८ पैकी १४ डॉर्म पाडायचं ठरवलं होतं, जगभरातून ओरड झाली आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला, २०२२ मधे पुन्हा तोच विषय वर आला. मी कानभक्त आहे तरी म्हणतो, ज्यात मुलं झोपतात ती इमारत फक्त सुंदर आहे म्हणून चालत नाही.

विटेवरचा:

मग त्याच कॅम्पसवरच्या विक्रम साराभाई लायब्ररीचं काय? मुंबईच्या ब्रिंदा सोमया यांच्या फर्मने ती दुरुस्त केली, २०१९ मधे युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तीच वीट, तीच हवा, तोच भूकंप. दुरुस्त होऊ शकतं, इच्छा पाहिजे आणि पैसा पाहिजे. पाडणं सोपं असतं म्हणून इंजिनिअरचा रिपोर्ट पुढे करतात.

बीम_कॉलम:

रिपोर्ट पुढे करतात कारण उद्या काही पडलं तर सही इंजिनिअरची असते साहेब. असो. धागा भरकटतोय, यासाठी वेगळा काढा, मी येतो भांडायला.

सडेतोड:

भरकटलाच आहे तर ढाक्याच्या संसद भवनाचं पण होऊन जाऊ दे. पाकिस्तान सरकारने १९६२ मधे काम दिलं, मधे १९७१ चं युद्ध, देशच बदलला, आणि संसद पूर्ण झाली १९८२ मधे, आर्किटेक्ट मरून आठ वर्षं झाल्यावर. जगातल्या सर्वात गरीब देशांपैकी एकाने हे पेलावं का, हा प्रश्न विचारला की लोक चिडतात.

चौथा_मजला:

चिडत नाही, पण तो प्रश्न बांगलादेशी लोकांनी कधीच सोडवलाय, त्यांच्या नोटांवर ती इमारत आहे. आणि गरिबीचा विचार त्या भिंतीतच आहे. तिथे मजूर काँक्रीट डोक्यावरून वाहून नेत होते, एका वेळी पाच फूट उंचीपर्यंतच ओतकाम व्हायचं, आणि दोन ओतकामांमधला सांधा हमखास वेडावाकडा यायचा. साल्कसारखी सफाई तिथे शक्यच नव्हती. मग कानने दर पाच फुटांवर सांध्याच्या जागी पांढऱ्या संगमरवराची पट्टी बसवली. लांबून बघितलं तर वाटतं केवढी नक्षी केलीये, आणि ती आहे सांधा झाकायची युक्ती. ज्या माणसाने कॅलिफोर्नियात बोल्टच्या भोकाचा हट्ट धरला त्यानेच ढाक्यात हट्ट सोडला. म्हणून मला तो मोठा वाटतो. हाताशी काय आहे ते बघून तो बदलायचा.

आणि हो, ढाक्याचं काम ज्यांना मिळणार होतं त्या मजहरुल इस्लाम यांनी स्वतः बाजूला होऊन बाहेरचा मोठा आर्किटेक्ट आणा म्हटलं. अहमदाबादला दोशी, ढाक्याला इस्लाम, दोन्हीकडे इथल्या माणसांनी स्वतःचं काम सोडलं म्हणून कान इकडे आला.

डॅलसकर:

उशिरा आलो धाग्यावर. प्रवासीभाऊ, तुमचं विमान डॅलसवरून असेल आणि मधे पाचसहा तास असतील तर एअरपोर्टवरून फोर्ट वर्थला जाऊन किंबेल आर्ट म्युझियम पण करून टाका, कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. मला पण आर्किटेक्चर कळत नाही, बायकोला चित्रं बघायची असतात म्हणून मी जातो आणि चित्रं सोडून छताकडे बघत बसतो.

काय आहे की १०० फूट लांबीच्या कमानदार छतांच्या रांगा आहेत, आणि प्रत्येक छताच्या बरोबर माथ्यावर लांबच लांब फट आहे. जिथे कमानीचा सगळ्यात महत्त्वाचा दगड असतो तिथेच भोक! म्हणजे ती कमान नाहीच मुळी, चार कोपऱ्यांना चार खांब आणि वर वाकवलेलं काँक्रीटचं कवच. टेक्सासचं ऊन काय असतं ते इथे राहणाऱ्याला विचारा, ते ऊन फटीतून आत येतं, खाली अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीदार पत्र्यावर आपटून परत वर छतावर जातं आणि राखाडी काँक्रीट चक्क चांदीसारखं दिसतं. ढग आला की सगळं म्युझियम मंद होतं, गेला की उजळतं. चित्रावर थेट ऊन एक थेंब नाही.

बीम_कॉलम:

ते छत उभं राहिलं ते पण कोमेंडंटमुळे बरं का, आत केबल ताणून ठेवल्यात पोस्ट-टेन्शनिंगच्या. आणि टोकाच्या भिंतीवर बघा, भिंत आणि छत यांच्यामधे काचेची एक कमानदार पट्टी आहे जी सगळीकडे सारख्या रुंदीची नाही. भिंत छताला टेकलेलीच नाही हे दाखवायला. बोलायची गरज नाही, बघून कळतं कोण कुणाला पेलतंय.

गोंधळलेला_प्रवासी:

ठरलं, साल्कला जातो. डॅलसवरून नाही, पण परतीच्या वाटेवर न्यूयॉर्कला मावसभावाकडे तीन दिवस आहे. त्या बाजूला याचं काही बघण्यासारखं आहे का, फार लांब न जाता? आणि साल्कला नुसतं गेलं तर आत सोडतात का?

चौथा_मजला:

साल्क ही चालू लॅब आहे, त्यामुळे असंच गेटवर जाऊन उभे राहू नका, त्यांच्या साइटवर टूर आधी बुक करा. दुपारची उशिराची वेळ मिळाली तर घ्या, पाण्याची पट्टी पश्चिमेला समुद्राकडे जाते. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास असाल तर सूर्य बरोबर त्या पट्टीच्या रेषेत मावळतो, पण मग फोटोवाल्यांची गर्दी पण असणार. आणि दोन्ही बाजूंना खाली वाकून बघा, लॅबचे खालचे मजले जमिनीखाली आहेत आणि तिथपर्यंत उजेड न्यायला केवढाले खड्डे सोडलेत ते आंगणाच्या फोटोत कधी दिसत नाहीत.

न्यूयॉर्कमधे रूझवेल्ट बेटाच्या टोकाला फोर फ्रीडम्स पार्क आहे, ड्रॉइंग कानने मरायच्या आधी केलेली आणि बांधलं गेलं २०१२ मधे. तासाभरात होतं. पण माझं ऐकाल तर ट्रेनने न्यू हेवनला जा, दोनेक तास लागतात. येलची आर्ट गॅलरी, टिंगच्या छतवाली, १९५३ ची, आणि रस्त्याच्या पलीकडे समोरच ब्रिटिश आर्ट सेंटर, जे त्याच्या मागे १९७७ मधे उघडलं. त्याचं पहिलं मोठं काम आणि शेवटचं, एकाच रस्त्यावर समोरासमोर. दोन्हीकडे तिकीट नाही. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून निघा.